बदकं, कुत्रा आणि आमचे अप्पा

बँकेच्या नोकरीत अपमान हा पगाराचाच एक भाग असतो. पगारपत्रकात तो वेगळा दाखवत नाहीत, इतकंच. पासबुकावर शाई पुसट उमटली म्हणून, पेनाची दोरी आखूड म्हणून, काउंटरवर मी बसलोय म्हणून आणि काउंटरवर मी नाही म्हणूनही लोक माझा अपमान करून गेले आहेत, आणि संध्याकाळी कॅश टॅली झाली की मी ते सगळं विसरतो. पण १९९४ साली एका कुत्र्यानं माझा जो अपमान केला, तो मात्र अजून माझ्या खात्यावर येणे बाकी दिसतो.

हा कुत्रा खराखुरा नव्हता. म्हणजे तो टीव्हीत होता. आपला नेम चुकला, बदक उडून गेलं, की हा प्राणी गवतातून हळूच वर यायचा, पंजा तोंडाशी धरायचा आणि खांदे हलवून हलवून हसायचा. त्याच्या हसण्याला आवाजही होता. वाचकांपैकी जे आज चाळिशीच्या घरात आहेत, त्यांचा हात हे वाचताना नकळत बंदुकीकडे गेला असेल. ज्यांचा गेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, या खेळाचं नाव 'डक हंट'. टीव्हीला एक डबा जोडायचा, डब्यात पिवळी कॅसेट खुपसायची, हातात वायरवाली प्लॅस्टिकची बंदूक घ्यायची आणि उडती बदकं पाडायची. एका बदकाला गोळ्या तीन, एका फेरीत बदकं दहा. हिशेब सोपा आहे. नेम सोपा नाही.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या हिनं मला माळ्यावर चढवलं. वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा माळ्यावर काय उपयोग, हे मला लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही; पण दर दिवाळीला मी वर जातो आणि शिंका देत खाली येतो. या वेळी येताना हातात तो खोका होता. डबा, दोन रिमोट, बंदूक, आणि कॅसेट. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं. नव्व्याण्णव लाख, नव्व्याण्णव हजार, नऊशे नव्व्याण्णव खेळ! लहानपणी मी त्यातले दोनशेपर्यंत मोजले होते. दहा-बारा खेळांनंतर तेच खेळ नाव बदलून पुन्हा यायचे. पुढे बँकेत लागल्यावर एकाच माणसानं वेगवेगळ्या नावांनी काढलेली खाती मी चटकन ओळखायचो, त्याचं सगळं श्रेय या कॅसेटला आहे.

चिरंजीवांना म्हटलं, "बघ आता, तुझा बाप काय चीज आहे ते." भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला वायरी जोडल्या. संगीत वाजलं, कुत्रा हुंगत हुंगत आला, गवतात उडी मारली, बदक उडालं. मी नेम धरला आणि चाप ओढला.

काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. मग मी लहानपणीची ती अखेरची, लाजिरवाणी युक्ती केली. सोफ्यावरून उठलो आणि बंदुकीची नळी थेट टीव्हीच्या काचेला टेकवली. बदकाच्या पोटातच म्हणा ना. तरी काही नाही. कुत्रा वर आला आणि हसला. तीस वर्षांत त्याच्या स्वभावात कणाचाही फरक पडलेला नाही.

"बाबा, बंदूक मेली तुमची," चिरंजीव म्हणाले आणि मोबाइलकडे वळले.

बंदूक मेली नव्हती. पण ते समजायला मला आठ दिवस खटपट करावी लागली, आणि त्या खटपटीत जे हाती लागलं ते इतकं गमतीचं आहे, की क्लार्क असूनही मी थोडा वेळ इतिहाससंशोधक व्हायचं म्हणतो.

पहिली गोष्ट म्हणजे ही बंदूक काही मारतच नाही. तिच्या नळीतून किरण निघतो आणि तो बदकाला लागतो, अशी माझी इतकी वर्षं ठाम समजूत होती. प्रकार नेमका उलटा आहे. ही बंदूक फक्त बघते. तिच्या नळीत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा एक डोळा आहे. आपण चाप ओढला, की डबा क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात, बदक जिथे असेल तिथे पांढरा चौकोन काढतो. नळीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, की बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक काढतो. उजेड केव्हा दिसला त्यावरून कुठलं बदक मेलं ते ठरतं. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. आपल्याला फक्त पडदा लकाकल्यासारखा वाटतो.

आता जुना नळीवाला टीव्ही, म्हणजे आपला तो पोटाचा घेर मागे सुटलेला टीव्ही, चित्र हाती आलं की त्याच क्षणी रेघ रेघ करत काचेवर रंगवायचा. सेकंदाला पंधरा हजारांवर रेघा. बंदुकीचा डोळा त्या रेघांच्या तालाला सरावलेला. चपटा टीव्ही पडला सुशिक्षित. तो आलेलं चित्र आधी तपासतो, आकार बदलतो, रंग सुधारतो, आणि मग सवडीनं दाखवतो. ही सवड सेकंदाच्या काही शतांशांची असते, पण तेवढ्यात बंदूक बघून मोकळी झालेली असते. शिवाय त्या टीव्हीत तो रेघांचा तालही नाही. म्हणजे बदक तेच, नेम तोच, पण व्हाउचर वेळेत पुढच्या टेबलावर पोचलंच नाही. आमच्या धंद्यात याला रोजचं काम म्हणतात.

तो काळा पडदा कशासाठी, याचंही उत्तर इतिहासात आहे. १९७२ साली अमेरिकेत 'मॅग्नावॉक्स ओडिसी' नावाचा घरी खेळायचा पहिला टीव्ही गेम बाजारात आला. कल्पना राल्फ बेअर या इंजिनिअरची. त्याच्यासाठी एक लांब रायफलही वेगळी विकत मिळायची. तीसुद्धा बघणारीच, पण भोळी. तिला उजेड दिसला की झालं. ती टेबलावरच्या दिव्यावर रोखली तरी नेम लागल्याची नोंद व्हायची. आता आपल्याकडे असा दिवा सापडला असता तर आख्ख्या वाड्यानं टीव्हीकडे पाठ करून शिकार केली असती. काळ्या पडद्यामुळे ती वाट बंद झाली. काळोख असायला हवा तेव्हाच उजेड दिसला, तर चोरी पकडली. ऑडिटर आल्या आल्या आधी तिजोरी रिकामी करायला लावतो आणि मग मोजतो, तसंच.

पण या घराण्याचा मूळपुरुष त्याच्याही आधीचा. १९३६ साली शिकागोच्या सीबर्ग कंपनीनं, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी, 'रे-ओ-लाइट' नावाचं यंत्र काढलं. त्यात बंदुकीतून खरोखरच उजेडाचा झोत सुटायचा आणि बघायचं काम बदक करायचं. उजेड ओळखणारी नळी बदकाच्या अंगात बसवलेली. होय, तिथंही बदकच. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून या पक्ष्यानं माणसाचं काय घोडं मारलं आहे, कोण जाणे. आमच्याकडे जत्रेत छऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडतात. त्या बंदुकीची नळी वाकडी असते, हे सर्वांना ठाऊक असतं, पण निदान फुग्याला पिलं-बाळं नसतात.

तिथून हा वारसा गेला जपानात, क्योतो शहरात, आणि गेला तो पत्ते करणाऱ्यांकडे. निन्टेन्डो ही पेढी १८८९ सालची, फुसाजिरो यामाउची यांनी काढलेली. धंदा 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्याचा. १९६५ साली तिथे गुनपेइ योकोई नावाचा पोरगा पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीवर लागला. यंत्रं बिघडली नाहीत की देखभालवाल्याला काम नसतं. काम नसलं की हुशार माणूस खेळणी करतो आणि माझ्यासारखा विनोदी लेख लिहितो. त्याची खेळणी मालकाला आवडली. माझे लेख आमच्या साहेबांनी अजून वाचलेले नाहीत, हे माझं नशीब.

पुढे शार्प कंपनीकडून मासायुकी उएमुरा हे गृहस्थ उजेडावर चालणारे घट विकायला निन्टेन्डोत आले. योकोईंनी ते घट बघितले आणि डोक्यात बंदूक आली. १९७० साली त्यांची उजेडाची बंदूक खेळण्यांच्या दुकानात दाखल झाली. नेम लागला की बाटली फुटल्यासारखी उडायची, सिंह डरकाळी फोडायचा. माल धडाक्यानं खपला. विकायला आलेले उएमुरा शेवटी निन्टेन्डोतच नोकरीला लागले. आमच्या शाखेत विमा विकायला येणारे गृहस्थ पंधरा वर्षं येताहेत, पण त्यांना कुणी अजून खुर्चीसुद्धा दिलेली नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो नुकसानीचा आहे. त्या सुमारास जपानात बोलिंगचं वेड ओसरलं होतं आणि मोठमोठे बोलिंगचे हॉल ओस पडले होते. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी १९७३ साली त्या हॉलमध्ये उजेडाच्या बंदुकीनं नेमबाजी सुरू केली. समोर पडद्यावर मातीच्या चकत्या उडणार, लोक त्या पाडणार. पहिल्या हॉलचं उद्घाटन, वार्ताहर हजर, आणि ऐन वेळी यंत्रणा बिघडली! तेव्हा गेन्यो ताकेदा नावाचा तरुण इंजिनिअर मागे दडून बसला आणि ती निशाणं हातानं चालवू लागला. पाहुण्यांना वाटलं, काय यंत्र आहे! बँकेत 'लिंक डाउन' असताना खातेदारापुढे कीबोर्ड बडवत बसलेल्या प्रत्येक क्लार्कनं या माणसाचा फोटो खिशात ठेवायला हवा.

हॉल चांगले चालले, ऑर्डरी आल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. लोकांनी खर्च आवरते घेतले, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि निन्टेन्डोच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर आला. आमच्याकडे असतं तर ते खातं मी स्वतः 'वसुली संशयास्पद' मध्ये टाकलं असतं. पण त्या बुडत्या धंद्यातूनच लहान यंत्रं निघाली. १९७४ साली 'वाइल्ड गनमॅन' आलं, त्यात चक्क १६ मिलिमीटरच्या फिल्मवरचा काउबॉय समोर येऊन पिस्तूल काढायचा. १९७६ साली घरच्या भिंतीवर उडत्या बदकाचं चित्र फेकणारं खेळणं निघालं. त्याचं नाव 'डक हंट'. म्हणजे आमचं बदक टीव्हीत शिरण्याआधी भिंतीवर उडत होतं. १९८३ साली 'फॅमिकॉम' आला. तो रचणारे कोण? तेच, घट विकायला आलेले उएमुरा. आणि १९८४ साली बदकं, बंदूक आणि तो कुत्रा, सगळे एकत्र टीव्हीत आले. त्याच साली नाणं टाकून खेळायच्या यंत्रातही हा खेळ निघाला, आणि तिथल्या बक्षिसाच्या फेरीत कुत्र्याला गोळी मारता यायची! मारली की तो पट्ट्या बांधून, कुबडी घेऊन यायचा आणि बदकं मार, मला नको, असं सुनवायचा. घरच्या खेळात ही सोय नव्हती. हे वाचल्यावर माझी एक रात्र झोपेविना गेली. जगात कुठेतरी न्याय होता, फक्त तो आमच्या कॅसेटमध्ये नव्हता.

आमच्याकडचा डबा हा त्या फॅमिकॉमची नक्कल. ज्यांनी मूळ पाहिलंच नाही, त्यांना नक्कल म्हणजे काय ते कळत नाही. अप्पांनी तो १९९४ च्या दिवाळीत आणला.

अप्पा म्हणजे माझे वडील. एस.टी.त वाहतूक नियंत्रक. सांगलीच्या स्टँडवर दिवसभर माइकमध्ये बोलून झाल्यावर घरी त्यांच्याकडे शब्द शिल्लक राहत नसत. बोनस झाला, त्यांनी खोका आणून टेबलावर ठेवला आणि "अभ्यास झाल्यावर" एवढंच म्हणाले. पहिले चार दिवस त्यांनी त्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी रात्री, बातम्या संपल्यावर, बंदूक उचलली. खुर्ची भिंतीला टेकवून, लांबून, एक डोळा मिटून. दहापैकी नऊ. दुसऱ्या फेरीत दहा. मी नळी काचेला टेकवायचो तर म्हणाले, "जत्रेत फुग्याला हात लावू देतात का?" त्यानंतर रोज रात्री साडेनऊला घरात बदकं पडू लागली. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "किती झाली?" जणू भाकऱ्याच.

आणि इथेच माझा गुन्हा येतो.

त्या सहामाहीला मला बीजगणितात शंभरपैकी एकवीस मार्क पडले होते. अप्पांनी जे केलं ते त्या काळच्या सर्व अप्पांनी केलं असतं. माझ्या मनात सूड पेटला. बंदुकीच्या खेळात रिमोट फक्त खेळ सुरू करायला लागतो, असं सगळ्यांना वाटायचं. पण एक-बदकाच्या खेळात रिमोटची बटणं दाबली की बदक वळतं, हा शोध मला एकदा चुकून लागला होता. तो मी कुणालाही सांगितला नव्हता. थंडीचे दिवस. मी दुलई पांघरून कॉटवर बसायचो, रिमोट दुलईखाली. अप्पा नेम धरायचे, चाप ओढणार इतक्यात मी अंगठा दाबायचो. बदक झटकन खाली. कुत्रा वर. हसू.

दहाची सात झाली, सातांची चार. अप्पा काही बोलायचे नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, पुन्हा लावायचे. दोन आठवड्यांनी एका रविवारी ते मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नवा चष्मा आला. एस.टी.च्या पगारात नवा चष्मा म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या रात्री मी रिमोटला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण अप्पांनी बंदूक उचललीच नाही. "आता नेम लागत नाही," म्हणाले आणि पेपर वाचत बसले. पुढे ती त्यांनी कधीच उचलली नाही.

ही रक्कम मी तीस वर्षं सस्पेन्स खात्यात ठेवली होती.

आता अप्पा एकोणऐंशीचे आहेत. या पावसाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात नवं भिंग बसलं. बंदुकीच्या नळीत भिंग असतं हे वाचलं त्याच रात्री मी ठरवलं, की नळीवाला टीव्ही शोधायचा.

वस्तू घरात होती तोवर ती कुणालाच नको होती. आमचा जुना टीव्ही २०१९ च्या पुरात गेला. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, तो घ्यायचे मीच पैसे मागतो." शेवटी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये सापडला. आरशाखाली, टॉवेलच्या ढिगाऱ्याला टेकू म्हणून. सलूनवाला म्हणाला, "न्या की. फक्त परत आणू नका." मी, चिरंजीव आणि रिक्षावाला अशा तिघांनी तो घरी आणला. जपानी लोकांचं पुढे काय झालं ते मी वाचलं होतं, पण माझ्या कमरेचं पुढे काय झालं ते आमच्या हिलाच ठाऊक.

टीव्ही लावला. ती परिचित टिंग झाली, काचेवरचे केस उभे राहिले. संगीत वाजलं. अप्पा आतून काठी टेकत बाहेर आले आणि काही न विचारता भिंतीकडच्या खुर्चीत बसले.

मी बंदूक त्यांच्या हातात दिली आणि काउंटरवरच्या आवाजात, एका दमात, सगळं सांगून टाकलं. एकवीस मार्क, दुलई, अंगठा, चष्मा.

अप्पांनी बंदुकीचा चाप एकदा ओढून बघितला. म्हणाले, "दुलई हलायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बदक वळायच्या आधी दुलई हलायची. दुसऱ्या दिवशीच कळलं."

"मग चष्मा?"

"पाट्या दिसत नव्हत्या गाड्यांच्या. कोल्हापूरची गाडी तासगावला लावली होती एकदा. तुझा काय संबंध?"

"आणि खेळायचं बंद का केलंत?"

ते थोडा वेळ कुत्र्याकडे बघत राहिले. "मी खेळायला बसलो की तू पुस्तक मिटायचास. दहावी काय बदकं देणार होती?"

आमची ही दारात उभी होती, ती चटकन आत गेली. मी काहीतरी बोलणार होतो, पण अप्पांनी बंदूक माझ्यापुढे धरली.

"हात थरथरतो. माझ्यानं नेम व्हायचा नाही. तो रिमोट चालतो का अजून?"

"चालतो."

"आण इकडं. बंदूक तू धर."

मी उभा राहिलो. एक डोळा मिटला. बदक उडालं. अप्पांचा अंगठा रिमोटवर होता आणि थरथरत होता, त्यामुळे बदकही थरथरत उडत होतं. वर म्हणता म्हणता खाली, डावीकडे म्हणता म्हणता उजवीकडे. असलं बदक क्योतोच्या इंजिनिअरांनीही पाहिलं नसेल. तीन गोळ्या संपल्या. गवतातून कुत्रा वर आला आणि पंजा तोंडाशी धरून हसू लागला. मागून चिरंजीवही हसले.

अप्पांनी पुढच्या बदकासाठी अंगठा नीट केला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "एकदा मिरजेला जाऊन डोळे तपासून ये."